चढावर गाडीची ताकद गेली तर: लिंप मोडमधली गाडी तपासायची कशी

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना जुन्या रस्त्याने खंबाटकीचा घाट चढावा लागतो. उलट्या दिशेला बोगदा आहे, तो चढ वाचवतो. दोन वर्षांपूर्वी त्याच घाटात माझी डिझेल गाडी भर चढावर एकदम मंदावली. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी आरपीएमचा काटा अडीच हजारांच्या पुढे सरकेना. समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा, मागे ट्रकांची रांग आणि शेजारी घाबरलेली आई. गाडी कशीबशी कडेला घेतली, बंद करून परत चालू केली, तर जणू काही झालंच नव्हतं अशी पळायला लागली. पुढच्या चढावर पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड बघून दोन मिनिटांत निदान झालं: टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, गेला; खर्च ₹४०,०००च्या घरात. प्रत्यक्षात फाटलेला निघाला एक रबरी पाइप, ₹१,८००चा. तो कसा सापडला ते पुढे सांगतोच. पण त्या दिवसापासून ज्याची गाडी अशी अडते त्याला मी हेच सांगतो, की स्कॅनरवरचा कोड ही गाडीची तक्रार असते. पोट दुखतंय एवढं ती सांगते, कशामुळे ते आपल्याला शोधावं लागतं. कोड वाचून थेट सुटा भाग बदलला तर पैसे जातात आणि बऱ्याचदा दुखणं तिथंच राहतं.

गाडी अशी का वागते

इंजिनाचा कारभार ईसीयू नावाचा छोटा संगणक बघतो. हवा किती आली, डिझेलचा दाब किती आहे, टर्बो किती फुंकतोय, तुम्ही पेडल किती दाबलंय हे त्याला सेन्सर सांगत असतात. यातली एखादी गोष्ट अपेक्षेपेक्षा फार वेगळी दिसली, किंवा दोन सेन्सर एकमेकांशी जुळेनासे झाले, की ईसीयू इंधन कमी करतो आणि टर्बोचा दाब बांधून ठेवतो. इंजिन मोडू नये आणि माणूस घरी पोचावा, एवढ्यापुरती ताकद तो ठेवतो. यालाच गॅरेजमध्ये लिंप मोड म्हणतात.

आधी हा लिंप मोडच आहे ना, याची खात्री करा. आरपीएम चढतोय पण गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. गाडी जड ओढल्यासारखी चालतेय आणि एका चाकाजवळ जळका वास येतोय, तर ब्रेक धरून बसलाय. लिंप मोडमध्ये आरपीएमच एका ठिकाणी अडतो आणि बहुतेक वेळा पिवळा दिवा लागलेला असतो.

रस्त्यावर असताना

हॅझर्ड लाइट लावा, डावीकडे या, रुंद जागा बघून थांबा. घाटात वळणावर थांबू नका. थोडं पुढे सरकण्याएवढी ताकद गाडीत असते, ती त्यासाठीच वापरा. मग दोन गोष्टी बघा. तापमानाचा काटा वर गेलाय का? ऑइलचा लाल दिवा लागलाय का? यातलं काहीही असेल तर इंजिन लगेच बंद करा आणि गाडी टो करूनच न्या. गरम रेडिएटरचं झाकण तर अजिबात उघडू नका. पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळून टाकतं, म्हणून तशी गाडीही पुढे दामटू नका.

फक्त स्थिर पिवळा दिवा असेल तर गाडी बंद करा, दोनेक मिनिटं थांबा, परत चालू करा. बऱ्याच बिघाडांत ताकद परत येते, कारण चालू होताना ईसीयू सगळं नव्याने तपासतो आणि त्या क्षणी त्याला सगळं ठीक दिसतं. याचा अर्थ गाडी दुरुस्त झाली असा नाही. पण खूण मोलाची आहे: बिघाड फक्त जोर लागल्यावर दिसतोय. किल्ली फिरवूनही ताकद परतत नसेल, तर बिघाड कायमचा आहे. तो शोधायला खरं तर सोपा.

आणि एक गोष्ट तिथंच करा. मोबाइलमध्ये लिहून ठेवा: कितव्या गिअरला होतो, वेग किती, चढ होता का, गाडीत किती माणसं, पाऊस होता का, डिझेल कधी आणि कुठे भरलं, त्याआधी दोन-चार दिवसांत गॅरेजमध्ये कशाला हात लागला होता. शेवटचा प्रश्न विसरू नका. एअर फिल्टर बदलल्यावर नीट न बसलेला कपलर (वायरींचा जोड) किंवा सैल राहिलेली क्लिप, एवढ्यानेही गाडी लिंप मोडला जाते.

कोड वाचणं

भारतात २०१३पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाड ओळखून त्याचा कोड नोंदणारी व्यवस्था, आहे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट सापडेल. त्यात बसणारा ब्लूटूथ डोंगल काही शे रुपयांपासून मिळतो आणि मोबाइलमधल्या ॲपवर कोड दिसतात. किल्ली ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत वाचा.

ॲपमध्ये ‘क्लिअर’ हे बटण मोठ्ठं आणि समोरच असतं. त्याला अजून हात लावू नका. कोड पुसला की त्याच्याबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ही पुसली जाते. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणाचा गाडीने काढून ठेवलेला फोटोच समजा: आरपीएम, वेग, इंजिनावरचा भार, पाण्याचं तापमान. अनेक गॅरेजांत कोड वाचल्या वाचल्या पुसायची सवय असते. तिथं हट्टाने सांगा, की आधी सगळ्या पडद्यांचा फोटो काढू द्या.

माझ्या गाडीत कोड होता पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा बनत नाही. फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम २,३००, वेग ४८, भार ९० टक्क्यांच्या वर. म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण जोर लावलेला असताना. टर्बो खरंच मेला असता तर गाडी सपाटीवरही रडली असती, धूर काढला असता, शिट्टीसारखा नाहीतर घासल्यासारखा आवाज केला असता. यातलं काहीच नव्हतं.

कोडाचं पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्सची बाब. यू असेल तर दोन संगणकांमधलं बोलणं तुटलंय, म्हणजे वायर, फ्यूज, बॅटरी इथून सुरुवात करायची. पीनंतर शून्य आलं तर त्या कोडाचा अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा. एक आला तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड, त्याचा अर्थ तुमच्या मॉडेलसाठीच शोधा. एकापेक्षा जास्त कोड असतील तर घाबरू नका. चार सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. त्या चौघांना जोडणारी एखादी वायर, अर्थिंग किंवा कमी पडलेली बॅटरी बघा.

बॉनेट उघडा: हात आणि डोळे

हे काम इंजिन थंड असताना, दिवसाउजेडी करायचं. हाताशी टॉर्च, आणि जमलं तर छोटा आरसा.

सुरुवात बॅटरीपासून. टर्मिनल हाताने हलतंय का? त्यावर पांढरी भुकटी जमलीय का? मल्टिमीटरवर गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. कमी व्होल्टेजवर ईसीयूला सगळेच सेन्सर खोटं बोलताना दिसतात.

मग उंदीर. आपल्याकडे हे कारण पहिल्या पाचांत धरावं, विशेषतः पावसाळ्यात आणि गाडी आठवडाभर उभी असेल तर. इंजिनाच्या वर लेंड्या, कुरतडलेला फोम, चघळलेली वायर दिसतेय का ते बघा. वायर पूर्ण तुटलेली असेलच असं नाही. वरचं कव्हर खाल्लेलं आणि आत दोन-चार तारा शिल्लक, अशी वायर सपाट रस्त्यावर काम करते आणि हादऱ्यात दगा देते. पाण्यातून गाडी गेली असेल तर खालच्या बाजूचे कपलर उघडून पिना बघा. तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट थर दिसला, तर बिघाड तिथंच असण्याची शक्यता मोठी.

आता हवेची वाट. एअर फिल्टरच्या डब्यापासून सुरू करा, टर्बोपर्यंत जा, टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी), इंटरकूलरपासून इंजिन. या वाटेतला प्रत्येक पाइप, प्रत्येक क्लॅम्प हाताने चाचपायचा. नुसतं बघून भागत नाही, आणि हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या गाडीचा इंटरकूलरवरून इंजिनाकडे वर जाणारा पाइप वरून धडधाकट दिसत होता. खालच्या बाजूला बोटं फिरवली तेव्हा बोटांना तेलकट ओल लागली, तिला धूळ चिकटून काळा लेप झालेला. तिथं पाइप अंगठा आणि तर्जनीत धरून वाकवला, तर इंचभर लांबीची चीर ओठ उघडावेत तशी उघडली. बोटं सोडली की पुन्हा बंद. इंजिन नुसतं चालू असताना त्या पाइपात दाब जवळजवळ नसतो, म्हणून चीर मिटलेली. घाटात टर्बो जोरात फुंकायला लागला की ती उघडायची आणि सगळी हवा बाहेर. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत ती कुणाला दिसणार होती?

टर्बोच्या पाइपांत थोडंसं तेलाचं धुकं असणं साधारण आहे. एका ठिकाणी धूळ खाऊन बसलेला ओला डाग मात्र गळतीचा पत्ता देतो. त्याबरोबर पेन्सिलीएवढ्या जाडीचे व्हॅक्यूमचे छोटे रबरी पाइपही बघा. काही वर्षांनी ते कडक होऊन टोकाला तडकतात. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या टर्बोत त्याचा दाब कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरचा छोटा दांडा असतो. कुणाला तरी गाडी चालू-बंद करायला सांगा आणि दांडा सरकतो का ते लांबून बघा. बहुतेक गाड्यांत चालू करताच तो ओढला जातो. हलतच नसेल तर आधी व्हॅक्यूमचे पाइप, मग सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारी विजेवरची छोटी झडप), आणि टर्बोकडे सगळ्यात शेवटी वळा.

इंजिन चालू असताना बॉनेटमध्ये हात घालायची वेळ आली तर ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी हे सगळं दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

चालू आकडे काय सांगतात

ॲपमध्ये ‘लाइव्ह डेटा’ असतो. नवख्या माणसाने तीन-चार आकडेच बघावेत.

इंजिन बंद, किल्ली ऑन ठेवून हवेच्या दाबाचा सेन्सर वाचा. तो बाहेरच्या हवेएवढाच दाब दाखवायला हवा: मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६च्या जवळ. पुण्यात उभी असलेली गाडी ७० किंवा १३० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. आकडा बरोबर असेल तर शेजारी कुणाला तरी मोबाइल धरून बसवा आणि मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावा. चालकाने पडद्याकडे बघायचं नाही. ॲपमध्ये नोंद साठवता येते, ती नंतर वाचा. चांगल्या टर्बो डिझेलमध्ये हा आकडा २००च्या आसपास किंवा वर जातो. माझा ११८वर अडला होता. पाइप बदलल्यावर त्याच चढावर २०६ झाला.

डिझेलमध्ये दुसरा आकडा रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतल्या दाबाचा. ईसीयूने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी-शेजारी बघा. इंजिन नुसतं चालू असताना तो साधारण अडीचशे-तीनशे बार असतो, जोर लावला की कित्येक पटींनी वर जातो. मागणी वाढतेय आणि मिळालेला दाब मागे पडतोय, कोडही पी००८७ आहे, तर पहिला संशय डिझेल फिल्टरवर घ्या. नुसतं चालू असताना लागणारं डिझेल थोडं असतं, ते तुंबलेल्या फिल्टरमधूनही मिळतं; चढावर उपासमार होते. फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो. ग्लासात थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं ठेवा, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल. मात्र रेल आणि इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप घरी अजिबात सैल करू नका. त्यातलं डिझेल इतक्या दाबाने सुटतं की कातडीतून आत शिरतं. दिसायला बारीक छिद्र, पण हात गमवायची वेळ येते. इंजेक्टरची रिटर्न लीक तपासणी (इंजेक्टरमधून परत किती डिझेल जातं ते बघणं) जाणत्या डिझेल मिस्त्रीकडूनच करून घ्या.

तिसरा आकडा ॲक्सिलरेटर पेडलचा. आता पेडलला तार नसते, दोन सेन्सर असतात आणि बऱ्याच गाड्यांत एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा असतो. इंजिन बंद ठेवून पेडल अगदी हळू दाबा. दोन्ही आकडे न अडखळता चढायला हवेत. मध्येच एक उडी मारत असेल तर पी२१३८ का आला ते कळलं. पेडल असेंब्ली मागवण्याआधी पायाखालची मॅट पेडलला अडकत नाही ना हे बघा, कपलर काढून परत घट्ट बसवा, आणि ब्रेक लाइट तपासा. पाय काढल्यावरही ब्रेक लाइट पेटलेलाच राहत असेल, तर ईसीयूला वाटतं तुम्ही ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबताय, आणि काही गाड्या तेवढ्यावरून ताकद कापतात. ब्रेकचा स्विच फार महाग नसतो.

पेट्रोल गाडीत पी२१३५ आला तर थ्रॉटल बॉडीतले, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवरचे, दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत; आधी तिथला कपलर आणि वायर बघा. तिथं काजळी जमूनही झडप अडकते. साफ करता येते, पण झडप बोटाने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. साफसफाईनंतर काही गाड्यांत आयडल (इंजिन नुसतं चालू असतानाचा आरपीएम) पुन्हा शिकवावा लागतो, नाहीतर आरपीएम वरखाली नाचतो.

ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप. तिचा पी०४०१ शहरातल्या डिझेल गाड्यांना हमखास येतो. काजळीने वाट बुजते. झडप काढून साफ केली की बहुतेक वेळा काम होतं.

बीएस-६ डिझेल: डीपीएफ

१ एप्रिल २०२०नंतरच्या डिझेल गाड्यांत लिंप मोडचं हे मोठं कारण झालंय, म्हणून थोडं थांबून सांगतो. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतःच तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने धावावी लागते. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर, तेही सिग्नल घेत, अशा गाडीत हे जाळणं दर वेळी अर्धवट राहतं.

फक्त डीपीएफचा दिवा लागलाय आणि गाडीत ताकद आहे, या टप्प्यावर हायवेला काढा आणि ६०च्या वर वेग ठेवून पंधरा-वीस मिनिटं न थांबता चालवा. नेमकी अट गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असते. दिवा विझला की झालं. नंतर वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, गवत पेट घेईल इतका सायलेन्सर तापलेला असतो. ताकद गेली असेल, पी२४६३ आला असेल, तर मात्र गाडी पळवून उपयोग नाही. त्या स्थितीत गाडी स्वतःहून काजळी जाळत नाही, सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरने ते करवून घ्यावं लागतं.

त्याआधी डिपस्टिक बघा. वारंवार अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांत डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. कमाल खुणेच्या वर गेली असेल तर आधी ऑइल बदला, तेही डीपीएफसाठी चालणारंच. जाळीच काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते बेकायदेशीर आहे, आणि ती काजळी मग शाळेच्या दाराशी उभ्या असलेल्या पोरांच्या छातीत जाते.

ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि पी०७०० दिसला, तर खरा कोड गिअरबॉक्सच्या संगणकात आहे. साधा डोंगल तिथवर सहसा पोचत नाही; तो वाचू शकणारं गॅरेज गाठा.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन भाग एकदम बदलले तर नेमकं कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि दोन भागांचे पैसे फुकट जातात. काढलेला जुना भाग मागून घ्या.

आता कोड पुसा. मग गाडी त्याच परिस्थितीत न्या जिथं ती अडली होती: तोच चढ, तोच गिअर, शक्य तर तेवढीच माणसं. सपाट रस्त्यावरची फेरी या कामाची नाही. परत आल्यावर ॲपमध्ये ‘पेंडिंग’ कोड बघा. दिवा लागायच्या आधी बिघाड तिथं दिसायला लागतो. मी पाइप बसवल्यावर त्याच आठवड्यात आईला घेऊन पुन्हा खंबाटकी चढलो, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण जोर लावून. वर पोचल्यावर कडेला थांबून ॲप उघडलं. पेंडिंगची यादी रिकामी होती.